घर एक, राउटर दोन: वाय-फाय माडीपर्यंत पोचवताना आणि कुलूपबंद ठेवताना

आमचं गावचं घर जांभ्याचं. भिंती दीड फूट जाड, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. दोन वर्षांपूर्वी काकांनी फायबरची जोडणी घेतली. जोडणी करायला आलेल्या मुलाने वायर जिथून आत आली तिथेच, ओटीवरच्या टीव्हीमागे राउटर ठोकला आणि तो गेला. ओटीवर नेट सुसाट, माजघरात बरं आणि माडीवर फोनच्या कोपऱ्यात एक काडी, तीही कधी दिसायची, कधी नाही. माझी चुलतबहीण घरून काम करते. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, कारण तिथवरच आवाज नीट पोचायचा. "दादा, माडीवर टेबल आहे, खुर्ची आहे, खिडकी आहे, फक्त नेट नाही," असं ती म्हणाली आणि त्या आठवड्यात आम्ही हे काम हातात घेतलं.

तुमच्याकडे जांभ्याच्या भिंती नसतील, स्लॅबचा बंगला असेल किंवा लांबलचक फ्लॅट. पद्धत तीच. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा: घरात राउटर कितीही असोत, कारभारी एकच असला पाहिजे. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. नव्याने हे काम करणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी दोन कारभाऱ्यांमुळे होते. उरलेली निम्मी होते ती पहिल्या राउटरला कुलूप लावून दुसऱ्याला विसरल्यामुळे.

आधी मोजा, मग खर्च करा

नेट कमी पडतंय म्हटलं की कंपनी मोठा प्लॅन सुचवते. शंभरचा दोनशे एमबीपीएस केला तरी भिंत तीच राहते. त्यामुळे आधी राउटरच्या शेजारी उभं राहून वेग तपासा. तिथे पूर्ण वेग मिळत असेल तर दोष प्लॅनचा नाही, सिग्नल पोचण्याचा आहे.

मग फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या आणि घरभर फिरा. आकडा डीबीएममध्ये आणि वजा चिन्हासह दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. वजा ५० म्हणजे उत्तम. वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो. वजा ७५ च्या खाली रडारड सुरू. या आकड्यांत तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी, म्हणून वजा ६७ आणि वजा ७० शेजारी वाटले तरी तसे नसतात. आमच्याकडे ओटीवर वजा ४२, माजघरात वजा ६१, स्वयंपाकघरात वजा ७४ आणि माडीवरच्या टेबलापाशी वजा ८१ आले. मी ते काकांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले. तुम्हीही लिहा, काम झाल्यावर ताडून पाहायला लागतात.

काही विकत घेण्याआधी आहे तो राउटर हलवून बघा. टीव्हीमागे, लोखंडी कपाटात, आरशाशेजारी किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवलेला राउटर अर्धी ताकद तिथेच गमावतो. उंचावर, मोकळ्यावर आणि शक्य तितका घराच्या मध्याकडे आणा. फायबरची बारीक वायर मात्र काचेची असते. तिला काटकोनात मुडपू नका, खिळा ठोकून आवळू नका. आम्ही राउटर टीव्हीमागून काढून माजघराच्या दाराच्या वर फळीवर ठेवला, तेवढ्यानेच स्वयंपाकघर वजा ६६ वर आलं. माडी मात्र वजा ७७ पलीकडे हलेना. म्हणजे तिथे दुसरा राउटर लागणार हे ठरलं.

तीन वाटा आहेत, त्यातली वायरची धरा

पहिली वाट रिपीटरची. राउटरचा सिग्नल ऐकून तोच पुढे फेकणारा, प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा, स्वस्त आणि पाच मिनिटांत सुरू. पण साधा रिपीटर एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यात, ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे नेट नाही तिथेच लावतात. तिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय देणार?

दुसरी वाट मेशची. एकाच कंपनीचे दोन-तीन डबे एकमेकांशी जुळवून घेतात, फोन एकाकडून दुसऱ्याकडे सहज सरकतो. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोक पाडता येत नाही, तिथे ही वाट उत्तम. घेताना एवढं पाहा की डबे एकमेकांना वायरनेही जोडता येतात का. आज नाही, तरी पुढे कधी वायर टाकता आली तर तेच डबे दुप्पट चांगले चालतात.

तिसरी वाट म्हणजे पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत लॅन केबल ओढायची आणि दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे कारभार न करता फक्त वाय-फाय पसरवणारा डबा, करायचं. मेहनत एकदाच, मग वर्षानुवर्षं बघायला नको. जाड भिंतीच्या घराला मी हीच सुचवतो. कपाटात पडलेला जुना राउटरही यासाठी चालतो. फक्त त्याचे पोर्ट किती वेगाचे आहेत ते डब्याच्या लेबलवर बघा. बऱ्याच स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तुमचा प्लॅन तेवढाच असेल तर काही बिघडत नाही, ३०० चा असेल तर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या पोर्टचा राउटर घ्या.

केबल

कॅट सिक्स घ्या, कॅट फाइव्ह ई मिळाली तरी घरगुती कामाला पुरते. दोन्हीवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो. दुकानात एकच प्रश्न विचारा: तार निखळ तांब्याची आहे का? बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण वाकवली की आत तुटते. टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं चकाकलं तर परत करा.

विजेच्या वायरच्याच पाइपातून लॅन केबल नेऊ नका, तिला वेगळी पट्टी द्या. आणि शक्यतो घराच्या आतूनच न्या. माझा पहिला विचार पागोळ्यांच्या आतून, बाहेरच्या भिंतीने केबल वर चढवायचा होता, म्हणजे भोक एकच पाडावं लागलं असतं. पण कोकणात मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा काही साध्या नसतात. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही. लॅन केबल तांब्याची. जवळपास वीज पडली तर बाहेरून गेलेल्या केबलमध्ये दाब चढतो आणि दोन्ही टोकांचे डबे एकदम जातात. आम्ही केबल जिन्याच्या कडेने पट्टीतून नेली. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा दुसऱ्या इमारतीपर्यंत नेट न्यायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे डबे, लावा.

टोकाला कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम असा, कनेक्टरची खुंटी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. आठही तारा चिमटीत सरळ करून, एका रेषेत कापून, कनेक्टरच्या तोंडापर्यंत भिडल्या आहेत हे उजेडात धरून बघा, मगच क्रिंपिंगचा पान्हा दाबा. एखादी तार मागे राहिली तरी नेट बंद पडेलच असं नाही, आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून काम झाल्यावर लॅपटॉप त्या केबलला लावून लिंक स्पीड बघा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असूनही १०० दिसत असेल तर टोक कापून पुन्हा बसवा. आमचं माडीचं टोक दुसऱ्या खेपेला नीट बसलं.

दुसऱ्या राउटरला कारभारातून मोकळं करा

हा भाग सावकाश वाचा. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एक पत्ता लागतो आणि तो वाटायचं काम डीएचसीपी करतं. पत्त्यांसोबत 'बाहेर जायचं दार कुठे' हेही तेच सांगतं. दोन राउटर दोघंही पत्ते वाटायला लागले की गोंधळ होतो. पहिल्याच दिवशी मी माडीवरच्या राउटरचं डीएचसीपी बंद करायला विसरलो होतो. काकांच्या फोनवर नेट चालू, काकूच्या फोनवर वाय-फायची खूण पूर्ण पण काहीच उघडेना, आणि तासाभराने उलट. कारण ज्याला माडीवरच्या राउटरने पत्ता दिला त्याला तो 'दार माझ्याकडे आहे' असं सांगत होता आणि त्याच्याकडे दार नव्हतंच. तुमच्याकडे असं आळीपाळीने होऊ लागलं तर कंपनीला फोन लावण्याआधी हे तपासा.

पायऱ्या अशा. पहिल्याला अजून जोडू नका. दुसरा राउटर टेबलावर घ्या, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दिवे लुकलुकेपर्यंत, साधारण १० सेकंद दाबून तो कोरा करा. लॅपटॉप केबलने त्याला लावा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका. पत्ता खालच्या लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. टाइप करताना आकडे इंग्रजीच वापरा.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग 'ऑपरेशन मोड' असं काही दिसतं का बघा. त्यात 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय असेल तर तो निवडा, राउटर पुन्हा सुरू होईल आणि पत्ते वाटणं आपोआप थांबवेल.

जुन्या राउटरात तो पर्याय नसतो. मग हाताने करा, आणि क्रम मोडू नका. पहिल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असं धरू. दुसऱ्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे दोघांची टक्कर होणार नाही. तो रीस्टार्ट झाल्यावर नव्या पत्त्यावरून पुन्हा आत या आणि वाय-फायचं नाव, पासवर्ड भरा. डीएचसीपी सर्व्हर सगळ्यात शेवटी डिसेबल करा, कारण ते बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरत नाही. आता माडीवर नेऊन केबल जोडा: पहिल्याच्या लॅन पोर्टमधून दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायचा पोर्ट, रिकामाच राहू द्या. एक काम पहिल्या राउटरवरही करायचं: त्याची पत्ते वाटायची सुरुवात .२० पासून करा, म्हणजे .२ हा पत्ता चुकून कुणा फोनला जाणार नाही.

वॅन पोर्टमध्ये केबल घालूनही नेट चालतं, आणि म्हणूनच खूप जण तसंच सोडून देतात. पण मग माडी आणि खालचा मजला ही दोन वेगळी घरं होतात. माडीवरचा टीव्ही खालच्या फोनला दिसत नाही, खालचा प्रिंटर माडीवरच्या लॅपटॉपला आपणहून सापडत नाही.

नाव एक, चॅनेल वेगळे

दोन्ही राउटरांवर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत एकच ठेवा. मग फोन चालता चालता जवळचा राउटर धरतो. चॅनेल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एकाला १ द्या, दुसऱ्याला ११, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. हा बँड लांब जातो, पण मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुणगुणतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. तिथे एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ द्या.

माडीवर पोचल्यावरही फोन खालचाच राउटर धरून बसत असेल तर दोष राउटरचा नाही, कुणाला धरायचं हे फोन ठरवतो. खालच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर 'हाय'वरून 'मीडियम'वर आणा. ऐकायला उलटं वाटतं, पण आवाज कमी झाल्यावरच फोन दुसरीकडे बघतो.

आता कुलुपं, दोन्ही दारांना

माझं कोण काय चोरणार, असं काका म्हणाले होते. मी त्यांना २००८ सालची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोचला नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या घरी, कारण मेल त्याच्या वाय-फायवरून गेला होता. त्याचा मेलशी संबंध नव्हता, पण चौकशीला सामोरं जावं लागलंच. पुढे २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत लॅपटॉप घेऊन फिरले. तुमच्या जोडणीवरून जे जातं त्याचा पहिला माग तुमच्याच दारी येतो. काकांनी हे ऐकल्यावर पुढची प्रत्येक पायरी माझ्या शेजारी बसून पाहिली.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र, तेही नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी हा त्याहून जुना प्रकार २००१ सालीच फुटला आहे. जुन्या राउटरात तेवढंच असेल तर तो भंगारात द्या. माडीवर कमकुवत कुलूप लावलं तर खालच्या भक्कम कुलपाचा उपयोग शून्य, कारण दोन्ही दारं एकाच घरात उघडतात.

पासवर्ड लांब हवा. डब्ल्यूपीए२ मध्ये चोर बाहेर उभा राहून तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून घेतो आणि घरी जाऊन निवांत, कोट्यवधी पासवर्ड लावून पाहतो. मोबाइल नंबर तर लगेच सापडतो. ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत, मधे रेघा देऊन लिहा: रहाट, आंबोळी, कंदील, सुतळी, पाटी असे. हेच शब्द घेऊ नका, तुमचे निवडा. काकूलासुद्धा पाठ होतात, हा मोठा फायदा.

ॲडमिनचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा, दोन्ही राउटरांवर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड लावून लावून. काही अवघड युक्ती त्यामागे नव्हती.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडायची सोय चांगली वाटते, पण त्यासोबत आठ आकडी पिन येते. राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ पासून जगजाहीर आहे. जुन्या राउटरांत डब्ल्यूपीएस हमखास चालूच असतं.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, बंद. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना स्वतःच बाहेरचं दार उघडू देणारी सोय, तीही बंद, घरात कुणाचा ऑनलाइन गेम अडला तरच परत विचार करा. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, दोन्हीकडे अद्ययावत करा, ते चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ धरा. वाय-फायचं नाव लपवणं आणि मॅक ॲड्रेसची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकाची, यादी करणं यात वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या ॲपने हुडकता येतं आणि आजचे फोन मॅक ॲड्रेस स्वतःच बदलतात.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा. कॅमेरा, स्मार्ट बल्ब हेही तिथेच टाका. इथे दोन राउटरांच्या घरात एक खाच आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट झाला की त्याचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा नावापुरतं उरतं आणि पाहुणा थेट मूळ नेटवर्कात येतो. तपासायला सोपं आहे. माडीवरच्या गेस्टला फोन जोडा आणि १९२.१६८.१.१ उघडून बघा. लॉगिनचं पान आलं तर भिंत नाही. आमच्याकडे आलं. मग माडीवरचं गेस्ट बंद करून फक्त खालच्या राउटरवर ठेवलं, खाली तेच पान उघडत नाही याची खात्री करून.

वीज गेली तर

छोटा यूपीएस दोन्ही राउटरांना हवा, नाहीतर खालचं नेट चालू आणि माडी अंधारात. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवा. १२ व्होल्टचा यूपीएस ९ व्होल्टच्या राउटरला लावला तर राउटर जळू शकतो. अँपियर मात्र अडॅप्टरवर लिहिल्याइतका किंवा जास्त चालतो. फायबरचा डबा राउटरहून वेगळा असेल तर त्यालाही जोडा.

शेवटी मी व्हिडिओ कॉल चालू ठेवून ओटीवरून जिन्याने माडीपर्यंत चाललो. सातव्या पायरीवर चित्र क्षणभर अडखळलं आणि सुटलं, तिथे फोनने राउटर बदलला होता. टेबलापाशी वजा ४६. बहिणीने त्याच दुपारी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

दोन्ही राउटरांचे पत्ते, पासवर्ड आणि कोणती केबल कुठे जाते हे वहीच्या त्याच पानावर लिहून वही कपाटात ठेवली आहे. महिन्यातून एकदा काका पहिल्या राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडतात आणि घरातल्या वस्तूंशी ताडून बघतात. अनोळखी नाव दिसलं की आधी घरात विचारायचं, पत्ता लागला नाही तर पासवर्ड बदलायचा. गणपतीत आमच्याकडे मुंबई-पुण्याहून वीस-पंचवीस माणसं येतात आणि सगळ्यांना नेट लागतं. त्यांना गेस्टचा पासवर्ड ओटीवर कागदावर लावून ठेवतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कागद काढतो आणि पासवर्ड बदलतो.